किल्ला पाडला कोणी? ड्राखेनफेल्सचे अवशेष आणि माझं एक चुकलेलं वाक्य

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात एक वाक्य लिहिलं होतं. "तीस वर्षांच्या युद्धात उद्ध्वस्त झालेला ड्राखेनफेल्सचा किल्ला आज अवशेषरूपात उभा आहे." वाक्य साधंच. माझा विषय इमारती दगडांची झीज, किल्ला ही केवळ पार्श्वभूमी. त्यामुळे ते लिहिताना मी दोन सेकंदही थांबले नव्हते.

मसुदा परत आला तेव्हा "उद्ध्वस्त" या शब्दाखाली पेन्सिलची रेघ होती आणि बाजूला एक प्रश्नचिन्ह. मी मॅडमना विचारलं, "यात काय चुकलं? सगळीकडे असंच लिहिलंय." त्या म्हणाल्या, "सगळीकडे लिहिलंय म्हणजे एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवलं, असंही असू शकतं ना? मला एवढंच सांग, तिथे जे नाहीये ते युद्धात गेलं, हे तुला दगड बघून कळलं की वाचून?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या एका शब्दाने माझे पुढचे दोन महिने खाल्ले, आणि खरं सांगायचं तर पीएचडी म्हणजे काय हे मला त्या दोन महिन्यांत कळलं. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता पेट, नेट, सेटच्या तयारीत आहात किंवा सिनॉप्सिस लिहिताय. म्हणून हा सगळा प्रवास जसा झाला तसा मांडते. विषय जर्मनीतल्या एका छोट्या किल्ल्याचा आहे, पण प्रश्न कोणत्याही अवशेषापुढे उभं राहून विचारता येईल असा आहे.

जागा कुठली?

जर्मनीत बॉन शहराच्या दक्षिणेला, ऱ्हाईन नदीच्या उजव्या काठावर एक डोंगररांग आहे. नाव झीबेनगेबिर्ग, म्हणजे "सात डोंगर". प्रत्यक्षात डोंगर सातापेक्षा बरेच जास्त आहेत. त्यातला नदीच्या अगदी अंगावर आलेला डोंगर म्हणजे ड्राखेनफेल्स, "ड्रॅगनचा खडक". उंची समुद्रसपाटीपासून ३२१ मीटर. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला ही उंची किरकोळ वाटेल. पण पायथ्याशी सपाट नदीपात्र असल्यामुळे तो चांगलाच उठून दिसतो. पायथ्याच्या गावाचं नाव क्योनिग्सविंटर. तिथून वर जायला १८८३ पासून दातेरी रुळांवरची रेल्वे आहे.

माथ्यावर किल्ला आहे असं म्हणायचं, पण आहे ते इतकंच: मुख्य मनोऱ्याची उरलेली बाजू आणि आजूबाजूला भिंतींचे तुकडे. मुळातही हा किल्ला मोठा नव्हता. राजगड किंवा रायगड डोळ्यांसमोर आणू नका. एक मनोरा, राहण्याची इमारत, चॅपल आणि भोवती तट, एवढाच पसारा.

इथून उत्तरेला, सरळ रेषेत तीन-चार किलोमीटरवर, एका दरीत हाइस्टरबाख नावाच्या मठाचे अवशेष आहेत. हा मठ सिस्टर्शियन पंथाचा होता. आज त्यातल्या मुख्य चर्चचा फक्त मागचा अर्धगोलाकार भाग उभा आहे. हा मठ आपल्याला पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच लक्षात ठेवा.

पहिलं काम: तारखा एका ओळीत लावणं

इतिहासाचं काही कळत नसेल तर निदान तारखा ओळीने लावा, असा सल्ला मला मिळाला होता. विज्ञानवाल्यांना हे जमतं, कारण आपण थरांचा क्रम लावतोच. कोणता थर खाली, कोणता वर.

किल्ल्याचं बांधकाम कोलोनचा आर्चबिशप पहिला आर्नोल्ड याने बाराव्या शतकात, ११३८ नंतर सुरू केलं. कोलोनच्या मुलखाच्या दक्षिण टोकावर पहारा ठेवणं हा उद्देश. ११४९ मध्ये किल्ला बॉनच्या सेंट कॅसियस या धर्मसंस्थेकडे गेला आणि तिचा प्रमुख गेरहार्ड फॉन आरे याने ११६७ च्या सुमारास बांधकाम पूर्ण केलं. म्हणजे मालक धर्मसंस्था. तिच्या वतीने किल्ला सांभाळायला एक सरदार घराणं नेमलेलं. पुढे हे किल्लेदार घराणं ड्राखेनफेल्सच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं.

हाइस्टरबाखचे साधू ११८९ मध्ये हिमेरोडच्या मठातून इकडे आले. आधी ते पेटर्सबेर्ग नावाच्या डोंगरावर राहिले आणि ११९२ मध्ये खाली दरीत उतरले. चर्चचं बांधकाम १२०२ ते १२३७.

कोलोनच्या प्रसिद्ध कॅथेड्रलची पायाभरणी १२४८ ची.

या ओळीचा फायदा बघा. माझ्या मनात एक सुंदर गृहीतक तयार झालं होतं: कॅथेड्रलसाठी लागणाऱ्या दगडांच्या खाणीवर पहारा ठेवायला हा किल्ला बांधला असणार. ऐकायला झकास. पण किल्ला ११६७ चा आणि कॅथेड्रल १२४८ चं. ऐंशी वर्षांनी उद्भवणाऱ्या गरजेसाठी कोणी किल्ला बांधत नाही. गृहीतक तिथल्या तिथे बाद, कुठलंही उपकरण न वापरता.

असंच दुसरं उदाहरण नावाचं. ड्राखेनफेल्सचा खडक भूशास्त्रात "ट्रॅकाइट" म्हणून ओळखला जातो. काही जण सांगतात की "ट्रॅकाइट"वरूनच "ड्राखेन" आलं. उच्चार जवळचा आहे हे खरं. पण डोंगराचं नाव मध्ययुगातलं आणि ट्रॅकाइट हा शब्द फ्रेंच खनिजशास्त्रज्ञांनी १८०० नंतर ग्रीक भाषेतल्या "खरखरीत" या अर्थाच्या शब्दावरून घडवलेला. कार्य कारणाच्या सहाशे वर्षं आधी घडू शकत नाही. सीगफ्रीडने ड्रॅगन मारला तो इथेच, ही दंतकथा पर्यटकांना सांगितली जाते ती वेगळी गोष्ट. दंतकथेला निदान तारखेचा आग्रह नसतो.

दुसरं काम: दगडाकडे बघणं

आता माझ्या ओळखीच्या प्रांतात येते. आपल्याकडचा दख्खनचा बसाल्ट तुम्ही पाहिला आहे. काळा, बारीक कणांचा, लाव्हाच्या थरांवर थर. ड्राखेनफेल्सचा ट्रॅकाइट दिसायला अगदी वेगळा. राखाडी रंगाचा आणि त्यात काही सेंटिमीटर लांबीचे, चपट्या वडीसारखे पांढरट स्फटिक रुतलेले. या खनिजाचं नाव सॅनिडिन, फेल्डस्पारचा एक प्रकार.

साधारण अडीच कोटी वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखींचा उद्रेक झाला आणि राखेचे जाड थर बसले. त्या राखेत खालून घट्ट, चिकट मॅग्मा घुसला. त्याला वर फुटून वाहता आलं नाही, तो आतच फुगून थिजला. नंतर वरची मऊ राख झिजून गेली आणि आतला कठीण घुमट उघडा पडला. तो म्हणजे ड्राखेनफेल्स. थिजताना मॅग्मा ज्या दिशेने सरकत होता त्यानुसार सॅनिडिनच्या वड्या रांगेत लागल्या. हान्स क्लूस आणि एर्न्स्ट क्लूस या भूशास्त्रज्ञ भावांनी १९२७ मध्ये या स्फटिकांच्या दिशा मोजून मूळ घुमटाचा आकार कसा असेल ते मांडलं. डोंगराचा जो भाग आज नाही, त्याचा आकार उरलेल्या भागावरून काढायचा. मला ही पद्धत फार आवडते आणि पुढे किल्ल्याबाबतही मी तेच करायचा प्रयत्न केला.

या मोठ्या स्फटिकांमुळे हा दगड कुठेही ओळखू येतो. कोलोन कॅथेड्रलच्या मध्ययुगीन भागाच्या भिंतीसमोर उभं राहिलं तर साध्या डोळ्यांनी सॅनिडिन दिसतं. कॅथेड्रलचं मध्ययुगीन बांधकाम मुख्यतः याच डोंगराच्या दगडाचं आहे. दगडासाठी डोंगर नदीवर असणं फार सोयीचं. वरून चिरे उतारावरून खाली सोडायचे, होडीत भरायचे आणि प्रवाहाबरोबर कोलोनला न्यायचे. रोमन लोकही हेच करत होते. त्यांच्या काळात, म्हणजे किल्ल्याच्या हजार वर्षं आधी, इथून दगड निघत होता आणि ऱ्हाईनकाठच्या रोमन बांधकामांत तो सापडतो.

म्हणजे क्रम असा: आधी रोमन खाण, मग किल्ला, मग कॅथेड्रलची खाण. डोंगरावरच्या एका जागेचं नावच "डोमकाउले" आहे, अर्थ "कॅथेड्रलची खाण". किल्लेदार घराण्याने कॅथेड्रलच्या कारभाऱ्यांशी दगडाचे करार केले आणि त्यातून पैसा कमावला. किल्ला ज्या खडकावर उभा, तोच खडक विकून किल्ल्याचं घर चालत होतं.

हे वाचल्यावर माझ्या वाक्यातला "उद्ध्वस्त" मला पहिल्यांदा टोचला.

१६३४ मध्ये नेमकं काय झालं?

आता युद्धाकडे. तीस वर्षांचं युद्ध १६१८ ते १६४८. ऱ्हाईनच्या या भागात स्वीडिश सैन्य आलं, किल्ला हातातून गेला, परत आला. १६३४ मध्ये तो पाडण्यात आला आणि पुन्हा कधीच बांधला गेला नाही. तारखेवर सगळ्यांचं एकमत आहे.

पण पाडला कोणी? इथे वाचनात दोन वृत्तान्त येतात. एकात श्रेय स्वीडिश सैन्याला दिलेलं असतं. दुसऱ्यात कोलोनचा आर्चबिशप-इलेक्टर फर्डिनांड याच्या हुकमाला, म्हणजे ज्याच्या पूर्वसुरींनी किल्ला बांधला त्यांच्याच गादीवरच्या माणसाला. पहिल्या वृत्तान्तात किल्ला शत्रूने पाडला, दुसऱ्यात घरच्यांनी, पुन्हा शत्रूच्या हाती लागून उपद्रव होऊ नये म्हणून.

आणखी एक गोष्ट. जर्मन लिखाणात इथे जो शब्द येतो त्याचा अर्थ "बेचिराख करणं" असा नाही. त्याचा अर्थ आहे तट आणि बुरूज पाडून किल्ला लढाईच्या दृष्टीने निकामी करणं. आपल्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या अनेक किल्ल्यांच्या वाटा आणि तटबंदी फोडली, तोच प्रकार. निकामी करायला सगळा किल्ला जमीनदोस्त करावा लागत नाही. दरवाजा, तटाचा काही भाग, पाण्याची सोय, एवढं मोडलं तरी पुरतं. मग बाकीचं कुठे गेलं?

माझी चूक ही होती की मी "१६३४ मध्ये पाडला" या खऱ्या वाक्यावरून "आज जे नाहीये ते १६३४ मध्ये गेलं" हे दुसरं वाक्य आपोआप खरं धरलं. दोन्हींमध्ये जवळजवळ चारशे वर्षं आहेत. सिनॉप्सिस लिहिताना अशा उड्या आपण फार सहज मारतो.

तिसरं काम: तुलना

विज्ञानात एखादं कारण तपासायचं तर आपण कंट्रोल ठेवतो. इतिहासात प्रयोग करता येत नाही, पण शेजारी बघता येतं. एकाच परिसरात, सारख्याच हवामानात, जवळपासच्या इतर बांधकामांचं काय झालं? मी चार जागा घेतल्या. चारही पायी फिरता येतील इतक्या जवळ आहेत.

पहिली जागा वोल्केनबुर्ग, "ढगांचा किल्ला". ड्राखेनफेल्सच्या अगदी शेजारचा डोंगर. इथला किल्ला ड्राखेनफेल्सपेक्षाही जुना. आर्चबिशप पहिला फ्रीडरिश याने तो बांधला आणि ११३१ मध्ये तो तिथेच मरण पावला. म्हणजे आर्चबिशप राहू शकेल इतपत व्यवस्थित वास्तू होती. आज तिथे काय आहे? काहीही नाही. एक चिराही नाही. कारण किल्ल्याखालचा माथाच खाणीत गेला. डोंगर वरून कापला गेला आणि त्याच्याबरोबर किल्लाही. मी वर गेले तेव्हा झाडी आणि खाणीच्या जुन्या कडा, एवढंच होतं. किल्ला कागदावर आहे, जमिनीवर नाही.

दुसरी जागा रोझेनाऊ. हा तर फारच छोटा डोंगरी किल्ला, हाइस्टरबाख मठाच्या जवळचा. तेराव्या शतकातच मठाने तो विकत घेतला आणि किल्ला म्हणून त्याचं आयुष्य तिथेच संपलं. आज माथ्यावर भिंतींचे जेमतेम अवशेष आहेत. तीस वर्षांच्या युद्धाच्या जवळपास चारशे वर्षं आधीची ही गोष्ट. ना वेढा, ना तोफा. एक खरेदीखत आणि किल्ला संपला.

तिसरी जागा हाइस्टरबाख मठ. तो किल्ला नाही हे मान्य, पण दगडी बांधकाम म्हणून तुलनेला उपयोगी. त्याच्या चर्चचा दगड मठापासून जवळच्या श्टेन्त्सेलबेर्ग डोंगरावरून आणला होता. हा मठ श्रीमंत होता, नावाजलेला होता. तिथल्या सेझारियस नावाच्या साधूने तेराव्या शतकात चमत्कारांच्या कथांचा एक मोठा लॅटिन ग्रंथ लिहिला. त्याची मांडणी गमतीची आहे: नवशिका विचारतो आणि साधू उत्तर देतो. वाचताना मला सारखी मॅडमची केबिन आठवत होती. असो.

हा मठ युद्धातूनही टिकला. संपला तो १८०३ मध्ये, चर्चच्या मालमत्ता सरकारजमा करण्याच्या निर्णयामुळे. १८०९ पासून इमारती पाडून दगड विकायला सुरुवात झाली. नेपोलियनच्या काळात ऱ्हाईन आणि मास या नद्यांना जोडणारा एक कालवा खोदला जात होता, त्याच्या बांधकामाला इथला दगड गेला. चर्च तुकड्यातुकड्याने फोडलं गेलं. कालव्याचं काम १८११ मध्ये बंद पडलं आणि तो पूर्ण झालाच नाही. चर्चचा मागचा भाग पाडायचा तेवढा राहिला. आज फोटोत दिसतो तो हाच उरलेला भाग. पुढे १८२० मध्ये जागा एका सरदाराने घेतली आणि अवशेषांभोवती बाग केली.

चौथी जागा स्वतः ड्राखेनफेल्स.

आता चारही एकत्र बघा. वोल्केनबुर्ग: खाण चालू राहिली, किल्ला शून्य. रोझेनाऊ: मठाने विकत घेतला, जेमतेम पाया. हाइस्टरबाख: सरकारने ताब्यात घेऊन विकला, एक तुकडा शिल्लक. ड्राखेनफेल्स: युद्धात निकामी केला, खाली खाण, तरीही मनोरा दिसण्याइतका शिल्लक.

युद्ध हेच मुख्य कारण असतं, तर ज्या जागी युद्धाचा फटका बसला तिथे सगळ्यात कमी शिल्लक असायला हवं होतं. झालं उलटं. जिथे सगळ्यात कमी उरलं तिथे दगडाचा नवा उपयोग किंवा नवा मालक आला होता.

इथे सावध राहायला हवं. चार जागा म्हणजे काही मोठा नमुना नाही. शिवाय त्या मी निवडल्या आहेत, त्या मला सोयीच्या असू शकतात. म्हणून यावरून "युद्धाने काहीच नुकसान झालं नाही" असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की "युद्ध" हे उत्तर पुरेसं नाही आणि प्रश्न उलटा करायला हवा. किल्ला का पडला हे विचारण्याऐवजी, ड्राखेनफेल्स पूर्ण का गेला नाही?

तो का उरला?

याचं उत्तर एकोणिसाव्या शतकात आहे आणि ते मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारं वाटलं.

त्या काळात ऱ्हाईनकाठच्या अवशेषांचं लोकांना वेड लागलं होतं. कवी, चित्रकार, इंग्रज प्रवासी, सगळे बोटीतून येत. बायरनने १८१६ मध्ये ड्राखेनफेल्सवर कविता लिहिली आणि गर्दी आणखी वाढली. मध्ययुग म्हणजे काहीतरी भव्य आणि हरवलेलं, अशी भावना होती.

त्याच भावनेतून दुसरी एक मागणी जोर धरत होती. कोलोन कॅथेड्रलचं काम सोळाव्या शतकात थांबलं होतं. अर्धवट मनोरा आणि त्यावरची लाकडी क्रेन शेकडो वर्षं तशीच उभी होती. ते दुरुस्त करा, पूर्ण करा, असा आग्रह सुरू झाला. दुरुस्तीला जुन्या दगडाशी जुळणारा दगड हवा. तो कुठे मिळणार? ड्राखेनफेल्सवर.

१८२० च्या दशकात क्योनिग्सविंटरच्या पाथरवटांनी माथ्यावरची जागा विकत घेतली आणि किल्ल्याच्या अवशेषांखालीच दगड फोडायला सुरुवात केली. त्यांच्या बाजूने बघा. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा हाच धंदा. मागणी आली होती, तीही देवाच्या कामासाठी. त्यांनी जागा पैसे देऊन घेतली होती. १८२८ मध्ये अवशेषांचा काही भाग कोसळला. आरडाओरड झाली आणि प्रशियाच्या सरकारने खाणकाम थांबवलं. पुढे वाद चालला आणि शेवटी १८३६ मध्ये सरकारने माथा विकत घेतला. निसर्ग आणि वास्तू वाचवण्यासाठी सरकारने जागा ताब्यात घेतल्याचं जर्मनीतलं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण मानतात.

म्हणजे बघा, एकाच मध्ययुगाच्या प्रेमातून दोन इच्छा निघाल्या: कॅथेड्रल पूर्ण व्हावं आणि किल्ल्याचे अवशेष राहावेत. दोन्हींना तोच खडक हवा होता. खडक एकालाच मिळणार होता. किल्ल्याला मिळाला. कॅथेड्रलचं काम १८४२ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि १८८० मध्ये संपलं, त्यासाठी दगड बहुतांशी दुसरीकडून आणावा लागला. आणि पाथरवटांचा धंदा त्या माथ्यावर तरी बंद झाला. त्यांच्याबद्दल पर्यटकांसाठीच्या माहितीत फार थोडं सापडतं.

झीबेनगेबिर्गच्या बाकीच्या डोंगरांवर खाणी चालूच राहिल्या. त्यांच्याविरुद्ध लोकांनी १८६९ मध्ये संस्था काढली, लढे झाले. १९२० च्या दशकात हा भाग संरक्षित निसर्गक्षेत्र झाला. ड्राखेनफेल्सचा माथा मात्र जुन्या खाणींनी पोखरलेलाच राहिला. विसाव्या शतकात तिथे दरडी सुटू लागल्यावर खडक काँक्रीट आणि लोखंडी अँकरनी बांधून ठेवावा लागला. आज तुम्ही जो "नैसर्गिक कडा" बघता, त्यातला बराचसा खाणीचा कापीव भाग आहे आणि तो माणसाने बांधून धरलेला आहे.

हातोडी बॅगेतच राहिली

मी तिथे गेले ती दोन महिन्यांच्या प्रयोगशाळेच्या कामासाठी जर्मनीत असताना, एका रविवारी. भूशास्त्राची सवय म्हणून हातोडी बॅगेत होती. मला एक ताजा तुकडा हवा होता, झिजलेल्या आणि न झिजलेल्या सॅनिडिनची तुलना करायला. माथ्यावर पोचले आणि पाटी दिसली: संरक्षित क्षेत्र.

खरं सांगते, क्षणभर मोह झाला. एक मुठीएवढा तुकडा, कोण बघतंय? मग लक्षात आलं की गेली आठशे वर्षं इथे येणारा प्रत्येक जण हेच म्हणत होता. प्रत्येकाकडे कारण होतं, आणि माझ्या थेसिसपेक्षा बरंच मोठं. कोणाकडे कॅथेड्रल होतं, कोणाकडे पोट होतं. हातोडी बॅगेतच राहिली. तुलनेसाठी मी नंतर प्रयोगशाळेच्या जुन्या संग्रहातला नमुना वापरला. त्यामुळे माझ्या एका आलेखात मला हवे तेवढे बिंदू नाहीत, आणि ते का नाहीत हे मी प्रकरणात लिहिलं आहे. मॅडमनी त्यावर रेघ मारली नाही.

तुमच्यासाठी

यातून नियम वगैरे काढायचे नाहीत, पण तुमच्या वहीत तीन गोष्टी लिहून ठेवा. एक, मत बनवण्याआधी तारखा ओळीने लावा. अर्धी गृहीतकं तिथेच पडतात आणि पडू द्यावीत. दोन, "पाडला", "नष्ट झाला", "लोप पावला" अशी क्रियापदं आपल्या मसुद्यात शोधा आणि प्रत्येकापुढे कर्ता लिहून बघा. कोणी? कधी? किती? कर्ता सापडत नसेल तर ते वाक्य अजून तुमचं नाही. तीन, जे उरलं आहे त्यालाही कारण लागतं. आपण नाशाची कारणं शोधतो आणि टिकण्याला योगायोग म्हणून सोडून देतो. टिकण्यामागेही कोणाचा तरी निर्णय, कोणाचे तरी पैसे आणि कोणाचं तरी नुकसान असतं.

माझं वाक्य शेवटी असं झालं: "१६३४ मध्ये निकामी केलेला, त्याआधी आणि त्यानंतरही खाणकामाने कुरतडलेला आणि १८३६ च्या सरकारी खरेदीमुळे पूर्ण नाहीसा होण्यापासून वाचलेला ड्राखेनफेल्सचा किल्ला."

लांबलचक आहे, वाचायला आधीच्या वाक्याइतकं गोड नाही. पण यातल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलची रेघ आली तरी आता मी उत्तर देऊ शकते.

पुढच्या वेळी, जमलं तर, दगडाच्या झिजेची मोजणी कशी करतात ते सांगते. तोवर तुमच्या मसुद्यातलं एखादं असं वाक्य सापडलं तर जरूर कळवा. आपण मिळून त्याला कर्ता शोधू.